तिथीने की तारखेने? आयर्लंड आपले दिवस कसे पाळतो

नमस्कार मंडळी.

शिवजयंती तिथीने करायची की तारखेने, हा वाद आपल्या घरात दरवर्षी एकदा तरी निघतोच. फाल्गुन वद्य तृतीया की १९ फेब्रुवारी? मी आयर्लंडचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा तिथेही हीच जोडी भेटली आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. आयर्लंडचा सगळ्यांत मोठा स्मरणदिन तिथीने पाळला जातो. इंग्रजांच्या राजवटीविरुद्धचा डब्लिनमधला तो प्रसिद्ध उठाव २४ एप्रिल १९१६ या तारखेचा. पण त्या दिवशी ईस्टरचा सोमवार होता आणि लोकांच्या मनात बसला तो ईस्टर. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार. चंद्राच्या हिशेबाने तो मागेपुढे सरकतो. त्यामुळे शताब्दीच्या वर्षी, २०१६ मध्ये, डब्लिनचं मोठं सरकारी संचलन २७ मार्चला झालं. तारखेने शंभर वर्षं भरायला अजून चार आठवडे होते.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण. मेलेला देश पुन्हा उठवायचा, ही कल्पना ज्यांच्या डोक्यात होती त्यांनी तो मुहूर्त जाणूनबुजून निवडला होता. खरा बेत तर ईस्टरच्या रविवारचाच होता. पण शस्त्रं घेऊन येणारं जर्मन जहाज पकडलं गेलं आणि रॉजर केसमेंट हा त्यांचा माणूस गुड फ्रायडेला केरीच्या किनाऱ्यावर उतरताच सापडला. हे कळल्यावर उठावात उतरणार असलेल्या आयरिश स्वयंसेवक दलाचे प्रमुख ओन मॅकनील यांनी रविवारच्या वर्तमानपत्रातून जाहीरपणे सगळ्या हालचाली रद्द केल्या. तरीही सोमवारी दुपारी हजार-बाराशे माणसं जमली. यश येणार नाही, हे त्यांच्यातल्या पुढाऱ्यांना बहुधा ठाऊक होतं.

मुंबईकराला जीपीओ म्हटलं की बोरीबंदरसमोरची ती घुमटाची इमारत डोळ्यांपुढे येते. डब्लिनचं जीपीओही तसंच शहराच्या मध्यावर आहे, मोठ्या खांबांचं. बंडखोरांनी ते ताब्यात घेतलं. पॅट्रिक पिअर्स या ३६ वर्षांच्या शाळामास्तराने त्याच्या दारात उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. ऐकायला होते ते बहुतेक सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेले चार लोक. जाहीरनाम्याखाली सात सह्या होत्या. पहिली सही टॉम क्लार्क यांची. आयुष्याची पंधरा वर्षं त्यांनी इंग्रजांच्या तुरुंगात काढली होती आणि आता डब्लिनमध्ये तंबाखूचं छोटं दुकान चालवत होते. वडीलकीचा मान म्हणून त्यांचं नाव वर. छापखान्यात अक्षरांचे खिळे पुरेसे नव्हते. म्हणून कागदाचा वरचा अर्धा भाग आधी छापला, तेच खिळे सोडवून मग खालचा. मूळ प्रत नीट पाहिली तर अक्षरं एकसारखी नाहीत, हे दिसतं. आणि या घाईघाईत छापलेल्या कागदाची सुरुवात ‘आयर्लंडच्या पुरुषांनो आणि स्त्रियांनो’ अशी आहे. स्त्रियांना मतदानाचा हक्कही त्यात गृहीत धरलेला आहे. १९१६ मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी एकाही बाईला मत देता येत नव्हतं, हे लक्षात घ्या.

इथे आपल्याकडची एक तारीख सांगतो. शुक्रवार, २८ एप्रिल १९१६. त्या संध्याकाळी जीपीओ पेटलेलं होतं, छत कोसळत होतं आणि बंडखोर मागच्या गल्ल्यांतून मूर स्ट्रीटकडे निघाले होते. त्याच दिवशी बेळगावात लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष झाले जोसेफ बाप्टिस्टा, आपले काका बाप्टिस्टा. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडचा. तिथल्या घटनात्मक चळवळीने पिढ्यान् पिढ्या जपलेला. आयर्लंडसाठी होमरूलचा कायदा १९१४ मध्ये मंजूर झाला होता आणि महायुद्धाचं कारण देऊन लगेच स्थगितही केला होता. म्हणजे ज्या दिवशी आपण तो शब्द हाती घेतला, त्याच दिवशी डब्लिनच्या रस्त्यांवर त्या शब्दाचं आयुष्य संपत होतं. या योगायोगातून मी काही सिद्धान्त काढत नाही. पण दोन्ही शहरांचा नकाशा शेजारी ठेवून तो दिवस पाहिला की अंगावर काटा येतो.

शनिवारी शरणागती. डब्लिनच्या नागरिकांचा आणखी संहार टळावा म्हणून आपण शस्त्रं खाली ठेवत आहोत, असं पिअर्सनी लिहून दिलं. गोळीबार चालू असलेल्या रस्त्यात पांढरं निशाण घेऊन पुढे गेली एक परिचारिका, एलिझाबेथ ओफॅरल. नंतर शहरभर विखुरलेल्या तुकड्यांना शरणागतीचे हुकूम पोचवायलाही तीच गेली. पिअर्स इंग्रज जनरलसमोर उभे आहेत, असा एक फोटो आहे. ओफॅरल त्यांच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. त्यामुळे फोटोत तिचा चेहरा नाही, फक्त पावलं आणि झग्याची कड दिसते. पुढे हा फोटो छापताना काही ठिकाणी ती पावलंही पुसून टाकली गेली. का पुसली असतील? छपाईत ती विचित्र दिसत होती म्हणून, असं म्हणता येईल. मला ते उत्तर पुरत नाही. पुसणाऱ्याला ती पावलं कुणाची हे विचारावंसंच वाटलं नाही, हेच मला जास्त खरं वाटतं. २०१६ च्या शताब्दीत तिचं नाव शाळकरी मुलांच्या तोंडी आलं. त्याला शंभर वर्षं जावी लागली.

पकडलेल्या बंडखोरांना सैनिक घेऊन चालले तेव्हा डब्लिनकरांनी ठिकठिकाणी त्यांना शिव्या घातल्या. शहराचा मध्यभाग तोफांनी आणि आगीने बेचिराख झाला होता, माणसं मेली होती, कामधंदे बसले होते. त्यात अनेक घरांतली मुलं फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्यातून लढत होती. लोकांच्या रागाला कारण होतं. हे मत बदललं ते पुढच्या दहा दिवसांत. ३ मे ते १२ मे या काळात किल्मेनहॅम तुरुंगाच्या आवारात चौदा जणांना गोळ्या घातल्या. एखाद्या पहाटे एक, कधी दोन, तीन, चार. जोसेफ प्लंकेट यांचं लग्न आदल्या रात्री तुरुंगाच्या प्रार्थनामंदिरात ग्रेस गिफर्डशी लागलं आणि काही तासांत तिला वैधव्य आलं. विली पिअर्सला बहुधा पॅट्रिकचा भाऊ म्हणूनच मारलं. शेवटचे जेम्स कॉनोली. पायाची जखम इतकी चिघळलेली की उभं राहता येईना. त्यांना खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या.

त्या आवारात मी उभा राहिलो आहे. उंच दगडी भिंती, खाली खडी आणि दोन काळे क्रूस. एक पलीकडच्या टोकाला, तेरा जणांचा. दुसरा दाराजवळ, एकट्या कॉनोलींचा. त्यांना दारातून फार आत नेता आलं नाही, म्हणून. आमच्यासोबतचा वाटाड्या हे सांगून गप्प झाला आणि पुढची दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

या लोकांना स्मरणदिनांची ताकद चांगली कळत होती. उठावाच्या आदल्या वर्षी, १ ऑगस्ट १९१५ रोजी, ओडोनोव्हन रोसा या जुन्या क्रांतिकारकाचा अंत्यविधी डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत झाला. म्हातारा अमेरिकेत वारला होता. टॉम क्लार्कनी निरोप पाठवून शव मायदेशी आणवलं. कबरीपाशी पिअर्स बोलले. ते म्हणाले, त्या मूर्खांनी आमचे मृत आमच्यापाशी ठेवले आहेत. जोवर या कबरी आयर्लंडपाशी आहेत, तोवर पारतंत्र्यातला आयर्लंड शांत बसणार नाही. आपल्याकडे टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावर शिवरायांचा उत्सव केला तेव्हा समाधीपाशी जे घडत होतं, त्याच जातीची ही गोष्ट आहे. मेलेल्या माणसाभोवती जिवंत माणसं गोळा करायची. सरकारला सभा बंद करता येते, अंत्ययात्रा बंद करणं अवघड जातं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हेच शस्त्र राज्यकर्त्यांच्या हातात आलं, आणि इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

१९६६ चं सुवर्णमहोत्सवी वर्ष बघा. राष्ट्राध्यक्ष होते एमन डी व्हॅलेरा, उठावातले हयात सेनानी, वय ८३, दृष्टी जवळपास गेलेली. त्यांनाही १९१६ मध्ये मृत्युदंड झाला होता, पण तो अमलात आला नाही. ईस्टरच्या सोमवारी त्यांनी स्मृतिउद्यानाचं उद्घाटन केलं, त्याच दिवसांत किल्मेनहॅमचा तुरुंग संग्रहालय म्हणून खुला केला. छातीवर पदकं लावलेले म्हातारे सैनिक जीपीओसमोरून चालत गेले. त्याच्या महिनाभर आधी, ८ मार्चला पहाटे, त्याच रस्त्यावरचा नेल्सनचा उंच स्तंभ काही जणांनी स्फोटाने उडवून दिला होता. दीडशेहून अधिक वर्षं तो इंग्रज सेनापती डब्लिनकडे वरून पाहत होता. त्या वर्षीची सगळी कथा साधी, सरळ होती. आपले शूर, त्यांचे क्रूर.

तीन वर्षांत ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड पेटलं. बॉम्ब, खून, रस्त्यांवर सैन्य. आता १९१६ चा उदो उदो केला की आजच्या बंदूकधाऱ्यांना आशीर्वाद दिल्यासारखं होईल, अशी भीती डब्लिनच्या सरकारला वाटू लागली. ईस्टरचं लष्करी संचलन बंद पडलं. १९९१ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा सरकारने अगदी थोडक्यात समारंभ उरकला. संचलन पुन्हा सुरू झालं ते २००६ मध्ये, शांतता करारानंतर. ज्या देशाला स्वतःच्या जन्मदिवसाचा तीस वर्षं संकोच वाटला, त्याला आठवणीची जोखीम काय असते हे इतरांपेक्षा जास्त कळलेलं असणार.

म्हणून २०१६ वेगळं झालं. त्या वर्षी मोजदाद झाली. उठावात मेले सुमारे ४८५ लोक. त्यांतले निम्म्याहून अधिक साधे नागरिक. चाळीस मुलं. कुणी गोळीबार बघायला खिडकीत आलेलं, कुणी दुकानांच्या फुटलेल्या काचांतून मिठाई घ्यायला धावलेलं. शंभर वर्षं या मुलांची नावं कुठल्याच दगडावर नव्हती. दोन्ही बाजूंनी हुतात्मे मोजले, पण ही मुलं कुणाच्याच बाजूची नव्हती.

आणि त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या हुलुख या गावाजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला. समोर होती ब्रिटिश सैन्याची १६ वी आयरिश डिव्हिजन. पाचशेच्या आसपास माणसं गेली. म्हणजे डब्लिनमध्ये आयर्लंडसाठी जितके मेले, त्याहून कितीतरी अधिक आयरिश त्या आठवड्यात फ्रान्सच्या खंदकांत मेले. पहिल्या महायुद्धात दोन लाखांहून अधिक आयरिश ब्रिटिश सैन्यात होते. जे परत आले त्यांनी पदकं ट्रंकेच्या तळाशी ठेवली. गणवेश घालून गेले तेव्हा गावाने वाजतगाजत निरोप दिला होता. परत आले तेव्हा गाव बदललेलं होतं. त्यांच्यासाठी डब्लिनच्या आयलंडब्रिज भागात एक सुंदर बाग उभारली गेली. आराखडा एडविन लट्येन्सचा, म्हणजे ज्याने नवी दिल्ली आखली त्याचाच. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत काम जवळपास झालं होतं, पण रीतसर उद्घाटन व्हायला १९८८ साल उजाडलं. मधली वर्षं तिथे गवत वाढत होतं.

आपल्याकडे पितृपक्षात शेवटी सर्वपित्री अमावस्या येते. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं कुणी करणारं उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी. आयर्लंडने असा एक दिवस १९८६ पासून ठेवला आहे. ११ जुलैच्या जवळचा रविवार. १९२१ मध्ये त्या तारखेला इंग्रजांशी चाललेल्या स्वातंत्र्ययुद्धात युद्धबंदी झाली होती. त्या दिवशी सगळ्या युद्धांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामावर मेलेल्या सगळ्या आयरिश स्त्रीपुरुषांचं स्मरण होतं. कुठल्या गणवेशात मेला, हा प्रश्न विचारला जात नाही. मला हा दिवस ईस्टरइतकाच मोठा वाटतो, जरी त्याची बातमी आपल्यापर्यंत कधी येत नाही.

पण हे सगळं गोडीगुलाबीने झालं, असं समजू नका. ग्लासनेविनमध्ये २०१६ साली एक काळी भिंत उभारली आणि उठावात मेलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर कोरली. बंडखोर, नागरिक, मुलं आणि ब्रिटिश सैनिकही, सगळे एका रांगेत. उद्घाटनाच्या दिवशीच बाहेर निदर्शनं झाली. २०१७ मध्ये तिच्यावर रंग फेकला. २०२० मध्ये घणाचे घाव घातले. शेवटी २०२२ मध्ये दफनभूमीच्या व्यवस्थापनाने ती भिंत पुढे न ठेवण्याचा निर्णय घेतला. मारणारा आणि मरणारा एकाच दगडावर का, असं विचारणाऱ्याला मी सरळ चूक म्हणणार नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने तो प्रश्न विचारलाच पाहिजे. भिंत राहिली असती तर बरं झालं असतं, असं मात्र मला मनापासून वाटतं. त्या चाळीस मुलांसाठी तरी.

२०२० च्या जानेवारीत असाच एक प्रसंग आला. स्वातंत्र्यापूर्वीच्या रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाच्या स्मरणाचा कार्यक्रम डब्लिन कॅसलमध्ये ठरला होता. लोक भडकले, नगराध्यक्षांनी जायला नकार दिला आणि सरकारला कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. पंतप्रधान होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराडचे. म्हणजे वडील तिथले, डॉक्टर म्हणून परदेशी गेलेले. आदल्याच महिन्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, ते कुटुंबासह वराडला येऊन गेले होते आणि गावाने त्यांचं स्वागत केलं होतं. त्यांचं नाव मी पुन्हा घेणार आहे.

इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचं स्मरण करणं तुलनेने सोपं. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून गेले, त्यांचं नाव घेताना कुणाच्याही घशात काही अडकत नाही. आपले जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले तेव्हा मॅक्स्विनींच्या कुटुंबाने तार पाठवून भारताच्या दुःखात आणि अभिमानात आपण सहभागी आहोत, असं कळवलं होतं. असं नातं अभिमानाने सांगता येतं.

यादवीचं काय करायचं? ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तह झाला. आयर्लंडच्या बाजूने मायकल कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ सही करून आले. अर्धवट स्वातंत्र्य, राजाशी निष्ठेची शपथ आणि उत्तरेकडचे सहा परगणे वेगळे. डी व्हॅलेरा विरोधात गेले. जून १९२२ मध्ये काल एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला. सात शतकांची कागदपत्रं, जनगणना, मृत्युपत्रं. जळके कागद वाऱ्यावर शहरभर उडत होते. आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तराला अशी आग लागली असती तर, एवढीच कल्पना करा. २२ ऑगस्टला कॉर्कमधल्या बेल ना ब्ला या ठिकाणी दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने कॉलिन्स गेले. वय ३१.

डिसेंबरात तहाच्या बाजूच्या सरकारने रोरी ओकॉनर आणि आणखी तीन तहविरोधी कैद्यांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. त्या निर्णयाला संमती देणाऱ्या मंत्र्यांत केव्हिन ओहिगिन्स होते. वर्षभरापूर्वी ओहिगिन्सच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या शेजारी पाठराखा म्हणून उभा होता तो हाच रोरी ओकॉनर. १९२७ मध्ये ओहिगिन्सनाही भर रस्त्यात मारलं.

यादवीवर घराघरांत मौन होतं. शाळेत इतिहास १९१६ ला फुलायचा आणि १९२१ ला संपायचा. त्या दोन बाजूंतून निघालेले दोन पक्ष, फाइन गेल आणि फियाना फॉल, पुढची जवळजवळ शंभर वर्षं आळीपाळीने राज्य करत राहिले, पण सत्तेत एकत्र कधी बसले नाहीत. ते घडलं २०२० मध्ये. २१ ऑगस्ट २०२२ च्या रविवारी, कॉलिन्सच्या शताब्दीला, बेल ना ब्लाच्या त्या रस्त्याकडेला दोन्ही पक्षांचे नेते एका व्यासपीठावरून बोलले. डी व्हॅलेरांच्या पक्षाचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन आणि कॉलिन्सचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचे लिओ वराडकर. कोकणातल्या एका डॉक्टरचा मुलगा आयर्लंडच्या सगळ्यांत जुन्या भाऊबंदकीच्या समेटाला उभा होता. या क्षणाला आपल्या मराठी वर्तमानपत्रांत थोडी अधिक जागा मिळायला हवी होती.

जाता जाता केरीतल्या बॅलिसीडीचं सांगतो. ७ मार्च १९२३. आदल्या दिवशी सुरुंगाच्या सापळ्यात सरकारी सैनिक मेले होते. त्याचा सूड म्हणून नऊ तहविरोधी कैद्यांना रात्री रस्त्यावर नेलं, सुरुंगाभोवती एकमेकांना बांधलं आणि सुरुंग उडवला. सैन्याने नऊ शवपेट्या तयार केल्या, घरच्यांना दिल्या. आठ माणसं मेली होती. नववा, स्टीफन फुलर, स्फोटाने लांब फेकला गेला आणि रांगत निसटला. तो पुढे शेती करत राहिला, काही वर्षं पार्लमेंटातही होता. टेलिव्हिजनसमोर त्याने ती रात्र सांगितली ती १९८० मध्ये, म्हातारपणी, आवाज न चढवता. दोर कसे बांधले, शेजारच्याने निरोप कसा घेतला, आणि मग अंधारात आपण कुठल्या दिशेने गेलो.